सरकारी कपाट

आमच्या वाचनालयात चार कपाटं कथा-कादंबऱ्यांची, एक पोथ्या-पुराणांचं, आणि दाराआड, झाडू ठेवतो त्या कोपऱ्यात, एक 'सरकारी'. परभणी जिल्ह्यातल्या एका मोठ्या खेड्यात मी 26 वर्षं ग्रंथपाल होते. पहिली काही वर्षं ते कपाट मी फक्त तपासणी यायची असली की उघडायचे. धूळ झटकायची, नोंदवही जुळवायची, पुन्हा कुलूप. आत गॅझेटियर, जनगणनेच्या पुस्तिका, कृषी विद्यापीठाच्या दैनंदिन्या, 'शेतीभाती' मासिकाचे अंक. सुधा मूर्तींची पुस्तकं मागायला बायका रांग लावायच्या. जनगणना कोण नेणार?

ते कुलूप खऱ्या अर्थानं उघडलं ते एका जूनमध्ये. पंचायतीसमोर राहणारे एक शेतकरी कृषी दैनंदिनी चाळत बसले होते. एकदम म्हणाले, "बाई, सोयाबीन हेक्टरी 75 किलो लिव्हलंय. आपल्या गावात हेक्टर हाय कुणाकडं?"

खरंच होतं. सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं, पण माणूस बोलतो एकरात. मी परतीच्या चिठ्ठीच्या पाठीमागं हिशेब मांडला. हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर, 75 भागिले अडीच, 30 किलो. ते हसले. बाजारात सोयाबीनची बॅग तेव्हा 30 किलोचीच यायची! "मंग एकराला एक बॅग, असंच लिव्हायचं की." तेव्हापासून त्या पानात ती चिठ्ठी राहिली, आणि मला एक नवं काम लागलं.

त्याच दैनंदिनीत असतं, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये. आता मिलिमीटर कुणाच्या डोळ्यांपुढं उभा राहतो? मीही हिशेब करून बघितल्यावरच चकित झाले. एका एकरावर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे जवळजवळ 4 हजार लिटर पाणी. 75 मिलिमीटर म्हणजे तीन लाख लिटर. एवढं पाणी जमिनीनं पिलं तर मधे पंधरा दिवस उघाड पडली तरी कोंब तग धरतो. पहिल्या सरीला मूठ टाकणारा दुबार पेरणीला बियाणं उसनं मागत फिरतो, हे आमच्याकडं कुणाला पुस्तकातून शिकावं लागत नाही. पण 'किती थांबायचं' याचा आकडा पुस्तकातच आहे.

असा एकेक आकडा येतो कुठून? परभणीचं कृषी विद्यापीठ 18 मे 1972 ला सुरू झालं. 2013 पासून त्याला वसंतराव नाईकांचं नाव आहे. एखादं वाण किंवा खताची मात्रा आधी विद्यापीठाच्या वाफ्यांत, मग वेगवेगळ्या केंद्रांवर, बहुधा काही हंगाम तपासली जाते. राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांची दर वर्षी एकत्र बैठक होते. तिथं शास्त्रज्ञ एकमेकांच्या आकड्यांना धारेवर धरतात, आणि त्यातून तगलं ते 'शिफारस' म्हणून छापलं जातं. वर्षानुवर्षांची राबणूक दैनंदिनीत एका ओळीत मावते. ओळ रुक्ष असते ती त्यामुळंच, असं मला हल्ली वाटतं. अर्थात थोडी कमी रुक्ष लिहिता आली असती.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट भेंडीची. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, हिरव्या पानावर पिवळी जाळी विणल्यासारखी दिसते, फळंही पांढुरकी, निबर निघतात. आपल्याकडं याला हळद्या किंवा केवडा म्हणतात. रोग विषाणूचा, आणि तो या झाडावरून त्या झाडावर नेते पांढरी माशी. 'पुसा सावनी' या गाजलेल्या वाणाचीही पुढं या रोगापुढं डाळ शिजेना. परभणीच्या विद्यापीठात जांभळे आणि नेरकर या दोघांनी भेंडीच्या एका चुलत नात्यातल्या वनस्पतीशी पुसा सावनीचा संकर केला. त्या वनस्पतीत रोग अडवण्याचा गुण होता, पण भेंडीसारखी फळभाजी म्हणून तिचा उपयोग नव्हता. म्हणून संकरातून आलेली झाडं पुन्हा पुन्हा भेंडीकडं वळवत, रोग न लागणारी तेवढी निवडत जायचं. रोगप्रतिकाराचा हा गुण एकाच प्रभावी जनुकावर अवलंबून आहे, हा त्यांचा शोधनिबंध 1981 मध्ये युरोपातल्या नामांकित नियतकालिकात आला. 1986 मध्ये अमेरिकेतल्या फळबाग-भाजीपाला शास्त्राच्या नियतकालिकात नव्या वाणाची नोंद छापून आली. वाणाचं नाव 'परभणी क्रांती'. आपल्या जिल्ह्याचं नाव असं सातासमुद्रापार छापलेलं बघून मला उगाच माहेरच्या माणसानं बक्षीस मिळवल्यासारखं वाटलं. बाजारात बाया "क्रांतीच हाय, बघून घ्या" म्हणून ओरडतात, त्यांना हा निबंध माहीत असायचं कारण नाही. पुढं पुढं या वाणावरही रोग दिसू लागला. एका जनुकावर उभी केलेली भिंत कधी ना कधी खचतेच, विषाणूही गप्प बसत नाही. म्हणून जुन्या पुस्तिकेतली शिफारस नव्या हंगामाला तशीच लावू नये, हे मी प्रत्येकाला सांगायचे. पुस्तकाचं साल आधी बघा, मग पान.

साल बघण्याची गोष्ट गॅझेटियरलाही लागू. 1967 च्या आमच्या जिल्हा गॅझेटियरमध्ये औंढा नागनाथ सापडतं. एमपीएससीचा अभ्यास करणारा एक मुलगा त्यावरून मित्राशी हमरीतुमरीवर आला होता. औंढा आता हिंगोलीत, आणि हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला 1 मे 1999 ला. पुस्तक त्याच्या कितीतरी आधीचं. दोघंही बरोबर होते.

आणि जनगणना. 2011 ची जिल्हा पुस्तिका म्हणजे गावोगावचा तक्ता. शाळा आहे का, दवाखाना आहे का, पाणी कुठलं. सोय गावात नसेल तर त्या रकान्यात एक इंग्रजी अक्षर असतं. 'ए' म्हणजे ती पाच किलोमीटरच्या आत, 'बी' म्हणजे पाच ते दहा, 'सी' म्हणजे दहाच्याही पुढं. (आमचं वाचनालय अनुदानाच्या यादीत 'ड' वर्गात, त्यामुळं अशा अक्षरांचं दुःख मला ठाऊक.) शेजारच्या वाडीच्या एका निवृत्त गुरुजींना आरोग्य उपकेंद्रासाठी ग्रामसभेचा ठराव करायचा होता. त्यांनी अर्जात 'बाळंतिणीचे अतोनात हाल होतात' असं दोन पानं लिहिलं होतं. मी म्हटलं, गुरुजी, हाल खरेच, पण हे पान जोडा. प्रसूतीच्या सोयीसमोर 'सी' होतं. मग लक्षात आलं की मैदानी भागात उपकेंद्राचा निकष 5 हजार लोकसंख्येचा, आणि वाडीची निम्मीसुद्धा भरत नव्हती. गुरुजी खट्टू झाले. दुसऱ्या दिवशी मात्र तीन शेजारगावांचे आकडे स्वतःच काढून, बेरीज करून आले. ती 5 हजारांच्या वर जात होती. तिन्ही गावांचे ठराव, वर झेरॉक्स. अर्ज गेला.

त्यानंतर 2021 ची जनगणना झालीच नाही, त्यामुळं गुरुजी अजून 2011 चंच पान जोडतात. त्या जनगणनेत शून्य ते सहा वर्षांच्या मुलांचा वेगळा रकाना आहे. त्यात मोजलेली काही लेकरं हल्ली वाचनालयात येतात, पोलीस भरतीची पुस्तकं मागायला.