चाकात हवा किती भरावी?

पुण्याहून पौडमार्गे मुळशीकडे गेलात, तर पक्का डांबरी रस्ता जलाशयाच्या काठाकाठाने पुढे जाऊन ताम्हिणी घाटातून कोकणात उतरताना दिसेल. पण या रस्त्याला जागोजागी कच्च्या वाटा फुटतात. कोठे तांबडी माती, कोठे मुरूम, कोठे बेसॉल्टचे धारदार दगड, तर पावसाळ्यात भातखाचरांच्या कडेला घोट्याएवढा चिखल! या वाटांवर मोटारसायकल चालविणारे दोन प्रकारचे लोक तुम्हांला भेटतील. सुट्टीच्या दिवशी हौसेने येणारे शहरातील तरुण हे पहिले. दुसरे म्हणजे पहाटे दुधाच्या किटल्या बांधून वाडीवरून निघणारे शेतकरी. पहिल्याचे चाक बसले तर त्याची सहल वाया जाते. दुसऱ्याचे बसले तर दूध नासते. दोघांपुढे प्रश्न मात्र एकच असतो : टायर कोणता घ्यावा आणि त्यात हवा किती भरावी?

हौशी तरुण सांगेल, "कच्च्या वाटेवर हवा कमी करावी, पकड वाढते." शेतकरी सांगेल, "छे! हवा कमी केली की ट्यूब फाटते." गंमत अशी, की दोघांचेही म्हणणे बरोबर आहे. ते कसे, हे आज आपण पाहू. त्यासाठी तुमच्या पाठ्यपुस्तकातील भौतिकी पुरेशी आहे.

चाक जमिनीला किती टेकते?

दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे सूत्र तुम्हांला ठाऊक आहे. मोटारसायकल आणि चालक मिळून 220 किलोग्रॅम वस्तुमान आहे आणि त्यांपैकी 120 किलोग्रॅमचा भार मागच्या चाकावर येतो, असे धरा. म्हणजे सुमारे 1200 न्यूटन बल झाले. चाकात 30 पौंड हवा आहे, असे पंक्चरवाला म्हणतो, तेव्हा त्याला दर चौरस इंचावर 30 पौंड दाब अभिप्रेत असतो. आपल्या एककांत तो सुमारे 2,07,000 पास्कल होतो. 1200 ला 2,07,000 ने भागा. उत्तर येईल सुमारे 58 चौरस सेंटिमीटर. एवढे अवजड वाहन मागच्या बाजूला केवळ अर्ध्या पोस्टकार्डाएवढ्या जागेवर उभे असते!

आता हवा 15 पौंडांवर आणा. दाब निम्मा झाला, म्हणून टेकणारे क्षेत्रफळ दुप्पट, म्हणजे 116 चौरस सेंटिमीटर झाले. टायरच्या बाजूच्या भिंतीही थोडा भार पेलतात, म्हणून प्रत्यक्षातील आकडे थोडे वेगळे येतील. पण अंदाज चुकणार नाही.

येथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील, "सर, घर्षण हे स्पर्शक्षेत्रावर अवलंबून नसते, असे पुस्तकात आहे. मग क्षेत्र वाढवून पकड कशी वाढेल?" प्रश्न अगदी योग्य आहे. पुस्तकातील तो नियम लाकूड, धातू यांसारख्या कठीण पदार्थांना बऱ्याच अंशी लागू पडतो. रबर लवचीक असते. ते दगडाच्या बारीक खाचाखोचांत शिरते आणि जितक्या अधिक जागी शिरेल तितके अधिक चिकटते. मातीत तर प्रश्न निव्वळ घर्षणाचा राहतच नाही. तेथे टायरच्या गुट्ट्या मातीत रुततात आणि मातीचा थर मागे ढकलून चाक पुढे जाते. जितक्या जास्त गुट्ट्या एका वेळी मातीत, तितका मातीचा जास्त भाग चाकाला आधार देतो. शिवाय भार मोठ्या क्षेत्रावर पसरल्याने चाक चिखलात कमी रुतते. हौशी तरुणाचे म्हणणे बरोबर का, ते आता कळले ना?

सापाने चावल्यासारखी दोन भोके

आता शेतकऱ्याच्या बाजूने विचार करू. वेगात जाणारे चाक एखाद्या धारदार दगडावर आदळते. दगडाशी होणाऱ्या धडकेची ऊर्जा टायरने शोषली पाहिजे. हे काम हवा करते. हवेने लावलेले बल गुणिले टायर दबण्याचे अंतर, एवढे ते कार्य असते. बल म्हणजे दाब गुणिले टेकलेले क्षेत्र. दगडाच्या धारेवर टेकणारे क्षेत्र लहान, त्यात दाबही कमी. मग बल अपुरे पडते आणि टायर खोल दबत जातो. शेवटी तो रिमला जाऊन भिडतो. बिचारी ट्यूब दगड आणि रिम यांच्यामध्ये अडकित्त्यात सुपारी सापडावी तशी सापडते. तिला शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. सापाच्या दातांसारख्या दिसतात म्हणून मोटारसायकलवाले त्यांना सर्पदंश म्हणतात.

वेगाचा परिणामही लक्षात घ्या. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वेग दुप्पट केला, तर धडक चौपट होते. म्हणून हवा कमी केली असेल, तर वेगही कमी ठेवलाच पाहिजे.

आणि भाराचे काय? शेतकऱ्याने मागे 40-40 लिटरच्या दोन किटल्या बांधल्या, की मागच्या चाकावरचा भार 120 वरून सुमारे 200 किलोग्रॅमवर जातो. 30 पौंड हवा असतानाच त्याचे चाक सुमारे 97 चौरस सेंटिमीटर टेकते. एकट्या चालकाने हवा 18 पौंडांवर आणल्यावर टायर जेवढा पसरेल, तेवढा याचा आधीच पसरलेला असतो. त्याने आणखी हवा सोडली, तर पहिल्याच दगडावर ट्यूब जाणार. म्हणून 'अमुक इतकी हवा बरोबर' असे एकच उत्तर नाही. भार, वेग आणि वाट या तिघांकडे पाहून ते ठरवावे लागते. सुरुवात मात्र वाहनाच्या पुस्तिकेत दिलेल्या दाबापासूनच करावी. आणि डांबरी रस्त्यावर परत आल्यावर हवा पुन्हा पूर्ववत भरावी. कमी हवेचा टायर वेगात सतत दबत-उलगडत राहून तापतो आणि वळणावर डगमगतो.

हवा थंड असताना मोजा

हवा मोजण्याची वेळही महत्त्वाची आहे. सकाळी 25 अंश सेल्सिअसला तुम्ही 15 पौंड हवा भरली. धावून धावून टायरमधील हवा 55 अंशांवर गेली. आता दाबमापक किती दाखवील? येथे एक खाच आहे. दाबमापक बाहेरच्या वातावरणाहून जास्त असलेला दाब तेवढा दाखवितो. वातावरणाचा दाब सुमारे 14.7 पौंड, म्हणून आतील खरा दाब 29.7 पौंड. तापमानही केल्विनमध्ये घ्या : 298 वरून 328. आकारमान जवळजवळ तेच राहिल्याने दाब त्याच प्रमाणात वाढून 32.7 पौंड होईल. त्यातून 14.7 वजा करा. दाबमापक 18 दाखवील. "तीन पौंड जास्त झाली" म्हणून कोणी घाईने हवा सोडली, तर टायर निवल्यावर ती गरजेपेक्षा कमी भरेल. म्हणून हवा नेहमी टायर थंड असताना मोजावी.

टायर वाचायला शिका

टायर निवडण्यापूर्वी त्याच्या भिंतीवरचे अंक वाचता आले पाहिजेत. कच्च्या वाटांसाठी बनविलेल्या हीरो एक्सपल्स 200 या मोटारसायकलचे पुढचे टायर 90/90-21, तर मागचे 120/80-18 असे असते. यातील 120 म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. 80 म्हणजे टायरची उंची रुंदीच्या 80 टक्के, म्हणजे 96 मिलिमीटर. 18 म्हणजे रिमचा व्यास इंचांत. एकाच खुणेत मिलिमीटर, टक्के आणि इंच असा हा तिरंगी संसार आहे!

पुढचे चाक एवढे मोठे कशासाठी? समजा, वाटेत 10 सेंटिमीटर उंचीचा दगड आला. पुढच्या चाकाची त्रिज्या टायरसह सुमारे 35 सेंटिमीटर भरते. स्कूटरच्या 10 इंची चाकाची ती सुमारे 22 सेंटिमीटर असते. आकृती काढून पाहा. मोठ्या चाकाला दगडाचा स्पर्श उभ्या रेषेपासून सुमारे 45 अंशांवर होईल, तर लहान चाकाला सुमारे 57 अंशांवर. म्हणजे लहान चाकाला दगड समोरून अडवतो, मोठे चाक त्यावर चढून जाते.

आता गुट्ट्या पाहा. चिखलासाठीच्या टायरवर गुट्ट्या उंच आणि दूर दूर असतात. त्यांच्यामध्ये अडकलेला चिखल चाक फिरताना बाहेर फेकला जावा, हा हेतू. गुट्ट्या जवळ जवळ असतील, तर मधल्या फटी भरून टायर गुळगुळीत गोळा बनतो आणि घसरतो. कातळावर आणि कठीण वाटेवर मात्र उंच गुट्ट्या वाकतात, डुगडुगतात. तेथे आखूड, जवळ जवळ असलेल्या आणि मऊ रबराच्या गुट्ट्या बऱ्या. मऊ रबर लवकर झिजते, हा त्याचा तोटा. मुळशीसारख्या ठिकाणी एकाच दिवसात माती, मुरूम, कातळ आणि डांबर लागते. तेथे मधल्या प्रकारचा टायर सोयीचा. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल, तर तो पाहूनच टायर बसवावा. बहुतेक टायरांवर निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगणारे चार अंकही असतात. 3522 म्हणजे 2022 सालचा 35 वा आठवडा. रबर पडून राहिले तरी म्हातारे होते, हे विसरू नका.

काटा, डिंक आणि फेस

सह्याद्रीत करवंदाच्या जाळ्या, बोरी, बाभळी यांना तोटा नाही. काट्याने पडलेले पंक्चर सर्पदंशापेक्षा वेगळे असते : भोक एकच आणि तेही टायरच्या बाजूने. असे पंक्चर काढताना टायरच्या आतून जुने फडके फिरवावे. काटा शिल्लक असेल तर फडके तेथे अडकते. तो तसाच राहिला, तर नवी ट्यूबही काही मैलांत बसते. बोटे फिरवू नका; काटा बोटाला आधी सापडतो.

पंक्चर टाळण्याचे उपाय चार. पहिला, जाड ट्यूब. तीन-चार मिलिमीटर जाड ट्यूब सहजी फाटत नाही, पण चाक जड होते. दुसरा, ट्यूबमध्ये घालायचे चिकट द्रव. चाक फिरताना ते बाहेरच्या कडेला पसरते. भोक पडले, की निसटणारी हवा द्रवातील तंतू भोकात ओढून नेते आणि ते बुजवते. काट्याच्या भोकाला हा उपाय चालतो; सर्पदंशाच्या लांब चिरांपुढे तो हात टेकतो. तिसरा, ट्यूबलेस टायर. ट्यूबच नसल्याने ती चिमटण्याचा प्रश्न नाही, आणि काटा रुतला तरी हवा हळू जाते. पण दगडाने रिमची कड वाकली, की सगळी हवा एकदम निघून जाते. शिवाय नेहमीच्या आऱ्यांच्या रिमला भोके असल्याने तेथे ट्यूब लागतेच. चौथा उपाय म्हणजे हवेऐवजी फेसासारख्या सच्छिद्र रबराचे कडे. डकारसारख्या वाळवंटी शर्यतींत ते वापरतात. 2015 साली आपल्या सी. एस. संतोष यांनी ही शर्यत पूर्ण केली. ती पूर्ण करणारे ते पहिले भारतीय. हे कडे पंक्चर होऊच शकत नाही, पण डांबरी रस्त्यावर ते तापून खराब होते. रोजच्या वापराला ते निरुपयोगी.

आणखी एक धोका अनेकांना माहीत नसतो. हवा फार कमी असली, की जोर लावताना रिम फिरते आणि टायर जागच्या जागी मागे राहतो. ट्यूब टायरबरोबर ओढली जाते आणि व्हॉल्व्ह मुळापासून तुटतो. त्यासाठी टायर रिमला दाबून धरणारे रिमलॉक बसवितात. व्हॉल्व्ह तिरका झालेला दिसला, तर तो टायर सरकल्याचा इशारा समजावा आणि लगेच थांबावे.

करून पाहा

मोटारसायकल चालविण्याचे तुमचे वय अजून झालेले नाही. पण प्रयोगाला सायकल पुरे. मागच्या चाकाच्या खालच्या भागाला ओला खडू फासा. मित्राला सायकलवर बसवा, दोघांनी सायकल उभी धरा आणि चाक आलेखाच्या कागदावर अलगद टेकवून उचला. उमटलेल्या ठशातील चौकटी मोजा. मग मागचे चाक वजनकाट्यावर ठेवून त्यावरील भार मोजा. भार भागिले क्षेत्र करून दाब काढा आणि दाबमापकाशी ताडून पाहा. थोडी हवा सोडून प्रयोग पुन्हा करा. ठसा किती वाढला? फरक येत असेल, तर तो का, याची चर्चा वर्गात शिक्षकांबरोबर करा.

शेवटी एक गोष्ट. ज्या गुट्ट्या माती ढकलून चाकाला पुढे नेतात, त्याच गुट्ट्या माती उकरतातही. पावसाळ्यात चाकाची चाकोरी पडली, की पाणी तिच्यातूनच धावते आणि पाहता पाहता तिची घळ होते. बांध फुटतो, खाचरातील माती वाहून जाते. म्हणून चांगला चालक वाट सोडून कोणाच्या शेतात शिरत नाही, आणि ताम्हिणीच्या अभयारण्यात तर नाहीच नाही. चाकाखालचे अर्धे पोस्टकार्ड आपले असले, तरी त्याखालची माती दुसऱ्या कोणाची तरी असते.