लोकसमूहांच्या जनुकीय नोंदी आणि औषधाची योग्य निवड

मुंबई : हिवतापाच्या ‘व्हायवॅक्स’ प्रकारात यकृतात दडून राहिलेले परजीवी नष्ट करण्यासाठी रुग्णाला प्रायमाक्विनच्या गोळ्या १४ दिवस दिल्या जातात. बहुतेकांना त्या बाधत नाहीत. मात्र ज्यांच्या तांबड्या रक्तपेशींत जी६पीडी हे विकर कमी असते, त्यांच्या पेशी या औषधाने फुटू लागतात. लघवी गडद होते, कावीळ दिसू लागते आणि हिमोग्लोबिन झपाट्याने खाली येऊ शकते. महाराष्ट्रात हिवतापाचा मोठा भार वाहणाऱ्या जिल्ह्यांत गडचिरोलीचे नाव वर्षानुवर्षे अग्रभागी आहे. जी६पीडीची कमतरता आणि सिकलसेलचा वाहकगुण या दोन्हींमुळे हिवतापापासून काही प्रमाणात संरक्षण मिळत असल्याने हे गुणधर्म हिवतापग्रस्त प्रदेशांतच पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिले. परिणामी, ज्या भागात प्रायमाक्विनची गरज अधिक, तेथेच ते बाधण्याची शक्यता असलेले लोकही अधिक आढळतात.

ही कमतरता सर्वत्र एकाच जनुकीय बदलामुळे येत नाही. देशात तिचे प्रामुख्याने तीन प्रकार आढळतात : ‘मेडिटरेनियन’, ‘ओरिसा’ आणि ‘केरळ-कल्याण’. यांपैकी तिसऱ्या नावातील कल्याण म्हणजे मुंबईजवळचेच कल्याण. केरळ आणि कल्याण येथे स्वतंत्रपणे नोंदले गेलेले दोन प्रकार प्रत्यक्षात एकच असल्याचे जनुकाच्या तपासणीत पुढे स्पष्ट झाले आणि दोन्ही नावे जोडली गेली. ‘मेडिटरेनियन’ प्रकारात विकराची क्रिया अत्यंत कमी असते. ‘ओरिसा’ प्रकार तुलनेने सौम्य. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आदिवासी समूहांतील कमतरतेमागे बहुतांशी ‘ओरिसा’, तर शहरी लोकसंख्येत मुख्यतः ‘मेडिटरेनियन’ प्रकार असल्याचे दिसून आले. औषध तेच, आजारही तोच. धोक्याची तीव्रता मात्र रुग्ण कोणत्या लोकसमूहातून आला आहे यानुसार बदलू शकते.

अशा नोंदी एकेका आजारापुरत्या न ठेवता देशव्यापी पातळीवर गोळा करण्याचा प्रयत्न म्हणजे ‘जीनोम इंडिया’ प्रकल्प. केंद्रीय जैवतंत्रज्ञान विभागाने २०२० मध्ये त्याला मंजुरी दिली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मेंदू संशोधन केंद्राच्या समन्वयाखाली २० संस्था त्यात सहभागी झाल्या. पुण्याची आयसर ही त्यांपैकी एक. दहा हजारांहून अधिक निरोगी व्यक्तींच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन झाले. ९ जानेवारी २०२५ रोजी ही माहिती संशोधकांसाठी खुली करण्यात आली असून ती फरिदाबाद येथील भारतीय जैविक विदा केंद्रात साठवली आहे. प्राथमिक विश्लेषणात ८३ लोकसमूहांतील ९,७७२ व्यक्तींचा समावेश होता. या समूहांपैकी ३० आदिवासी होते. सुमारे १८ कोटी जनुकीय बदलांची नोंद त्यातून हाती आली.

त्याआधी २०१९ मध्ये वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने ‘इंडिजेन’ उपक्रमात हजारावर भारतीयांच्या जनुकसंचाचे वाचन केले होते. तेव्हा सापडलेल्या साडेपाच कोटींहून अधिक बदलांपैकी जवळपास एकतृतीयांश बदल जगातील तोवरच्या संग्रहांत नव्हतेच.

याचे कारण जागतिक संग्रहांच्या घडणीत आहे. आजार आणि जनुके यांचा संबंध शोधणाऱ्या जगभरातील अभ्यासांत सहभागी झालेल्यांपैकी सुमारे चारपंचमांश लोक युरोपीय वंशाचे होते. त्यांवर बेतलेले धोक्याचे अंदाज भारतीय रुग्णांना जसेच्या तसे लागू पडत नाहीत. शिवाय भारतात साडेचार हजारांवर समाजांची नोंद आहे आणि त्यांपैकी अनेकांत शतकानुशतके विवाह समाजाच्या आतच होत आले. अशा समाजात एखाद्या दूरच्या पूर्वजातील बदल वंशजांमध्ये मोठ्या प्रमाणावर आढळतो.

मुंबईने याचे उदाहरण १९५२ मध्येच पाहिले. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वर्षी ‘लॅन्सेट’ नियतकालिकातून ‘बॉम्बे रक्तगट’ जगासमोर आणला. नेहमीच्या तपासणीत हे रक्त ‘ओ’ गटाचे भासते, पण अशा व्यक्तीला ‘ओ’ गटाचे रक्त दिल्यास ते जिवावर बेतू शकते, कारण ‘ओ’ रक्तात असलेला ‘एच’ घटक तिच्या रक्तात नसतो. पुढे ‘बॉम्बे’ गटाच्या भारतीय व्यक्तींच्या तपासणीत एफयूटी१ जनुकातील एकच विशिष्ट बदल वारंवार आढळला. रक्तपेढ्यांना सावध करण्यासाठी मात्र जनुकसंच वाचला जाण्याची वाट पाहावी लागली नाही. एक साधी अधिकची चाचणी पुरेशी ठरली. जनुकीय माहितीचा उपयोग बहुतेक वेळा असाच, साध्या चाचणीच्या रूपाने, रुग्णापर्यंत येतो.

भूलशास्त्रातही असाच अनुभव आहे. दक्षिण भारतातील वैश्य समाजात ब्युटिरिलकोलिनेस्टरेज या विकराची कमतरता इतर लोकसंख्येच्या तुलनेत कितीतरी अधिक आढळते. शस्त्रक्रियेवेळी स्नायू शिथिल करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या सक्सिनिलकोलिनचा परिणाम एरवी काही मिनिटांत ओसरतो; अशा रुग्णांमध्ये तो तासन्‌तास टिकून श्वसन थांबू शकते. भूलतज्ज्ञाला ही बाब आधी माहीत असेल तर तो दुसरे औषध निवडू शकतो. हृदयविकारात वापरले जाणारे क्लोपिडोग्रेल शरीरात कार्यक्षम होण्यासाठी यकृतातील विकर लागते. ते क्षीण करणारा जनुकीय बदल भारतीयांत विपुल आहे. मायबीपीसी३ जनुकातील २५ अक्षरांचा लोप दक्षिण आशियातील सुमारे ४ टक्के लोकांत असून तो हृदय निकामी होण्याचा धोका वाढवतो, हे हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतील शास्त्रज्ञांच्या सहभागाने झालेल्या अभ्यासाने २००९ मध्ये दाखवले.

सिकलसेलची गुंतागुंत आणखी वेगळी आहे. मूळ दोष एकच, तरी एखाद्या रुग्णाला वारंवार असह्य वेदनांचे झटके येतात, तर दुसरा बराच काळ धडधाकट राहतो. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन मोठेपणीही किती टिकते, यावर हा फरक बराचसा अवलंबून असतो आणि ते प्रमाण इतर जनुके ठरवतात. भारतीय रुग्णांत हा आजार सौम्य असतो, हा समज विदर्भातील रुग्णांच्या निरीक्षणांतून कमकुवत ठरला. चंद्रपूर येथे हिमोग्लोबिन विकारांसाठी राष्ट्रीय केंद्र आहे, तर जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे. तेथे गोळा होणारी आजाराची माहिती आणि फरिदाबादमधील जनुकीय नोंदी यांची सांगड घातली गेली, तर कोणत्या रुग्णाला हायड्रॉक्सियुरिया लवकर सुरू करावे, याचा निर्णय अधिक भक्कम आधारावर घेता येईल.

ही सांगडच सध्या सर्वांत कच्ची आहे. ‘जीनोम इंडिया’त निरोगी व्यक्तींचे नमुने घेतले गेल्याने कोणता बदल किती लोकांत आहे हे कळते, त्यातून आजार होतो का, हे रुग्णांच्या दीर्घकालीन नोंदींशिवाय कळत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात जी६पीडीची झटपट चाचणी उपलब्ध नसेल, तर संग्रहातील कोट्यवधी बदलांचा प्रायमाक्विन हाती घेतलेल्या आरोग्य सेविकेला काहीच उपयोग नाही.

संमतीचा प्रश्नही तितकाच नाजूक आहे. एका व्यक्तीच्या नमुन्यातून तिच्या नातलगांविषयी, कधी संपूर्ण समाजाविषयी निष्कर्ष निघतात. सिकलसेल वाहक असल्याचे उघड झाल्यावर मुलींची लग्ने अडतात, ही भीती आदिवासी पाड्यांवरील कार्यकर्त्यांच्या परिचयाची आहे. विमा नियामक प्राधिकरणाने २०१८ मध्ये आनुवंशिक विकाराचे कारण देऊन आरोग्य विम्याचे दावे न नाकारण्याचे निर्देश दिले. नोकरी, विवाह आणि शिक्षण यांत जनुकीय माहितीच्या आधारे होणारा भेदभाव रोखणारा स्वतंत्र कायदा मात्र देशात नाही.