धुराचे दोन हिशेब

सोलापुरातील सात रस्ता हे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या हवा मोजण्याच्या ठिकाणांपैकी एक आहे. तेथे धूलिकण, सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडे मोजली जातात. घरात दम्याचे रुग्ण असतील, तर आपण पाहावेत ते हेच आकडे. कार्बन डायऑक्साइडचा हिशेब मात्र इंधनाच्या बिलावरून मांडतात.

तो सोपा आहे. एक लिटर डिझेलचे वजन सुमारे ८३० ग्रॅम, त्यात ७०० ग्रॅमहून अधिक कार्बन. जळताना हा कार्बन हवेतला प्राणवायू ओढून घेतो, म्हणून बाहेर पडणारा वायू मूळ इंधनाहून जड, सुमारे २.६ किलो भरतो. हॉटेलांतल्या १९ किलोच्या सिलिंडरमागे तो सुमारे ५७ किलो होतो. तळमजल्यावरील दुकानांच्या जनरेटरला महिन्याला १०० लिटर डिझेल लागले, तर २६० किलो.

या आकड्यावरून आजोबांच्या छातीचा अंदाज बांधू नये. नीट राखलेला जनरेटर आणि काळा धूर ओकणारा जनरेटर, तेवढ्याच डिझेलवर जवळजवळ सारखाच कार्बन डायऑक्साइड सोडतात. फुप्फुसात उतरणारी काजळी दुसऱ्याची कितीतरी अधिक. मोकळ्या हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने धाप लागत नाही. तो पृथ्वीचे तापमान वाढवतो, आणि सोलापूरचा उन्हाळा आधीच वृद्धांना सोसवत नाही.

तेव्हा दुकानदारांना दोन प्रश्न अवश्य विचारावेत: महिन्याला डिझेल किती लागते, आणि धुराच्या पाइपाचे तोंड कोणाच्या खिडकीकडे आहे?