किलोच्या हिशेबात न येणारे जोड

पावसाळा जवळ आला की वसई-विरारमधल्या अनेक सोसायट्यांच्या सभेत एक ठराव हमखास येतो : गच्ची गळते, वर पत्र्याची शेड घालू. तीन कोटेशन मागवली जातात आणि तिन्हींतला एकच आकडा सगळे वाचतात, लोखंडाचा किलोमागे दर. पाइप किती जाडीचा यावर वाद रंगतो. बोल्ट कोणत्या प्रतीचे, वेल्डिंग किती लांबीचे, बेसप्लेट नेमकी कशात बसणार, याचा कोटेशनमध्ये बहुधा पत्ताच नसतो. जोडाचे वजन नगण्य, म्हणून त्याला भाव नाही. पण शेड दगा देते ती बहुतेक वेळा जोडातच.

गच्चीवरच्या शेडचा खरा शत्रू तिचे वजन नव्हे, वारा. अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे वजन चौरस मीटरला पाच किलोच्या आसपास असते. भारतीय मानक 875च्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 158 किलोमीटर धरला आहे. त्या वेगाचा दाब निघतो चौरस मीटरला साधारण 118 किलो. इमारतीची उंची, छताचा उतार, बाजू उघड्या की बंद यांनुसार तो कमीजास्त होतो, कडांना तर वाढतोच. तरी ढोबळ हिशेब करू. एका खांबाच्या वाट्याला 12 चौरस मीटर छत आले, तर तो खांब सुमारे 1,400 किलोच्या ओढीने वर उचलला जाऊ शकतो. 17 मे 2021 रोजी तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्यावर न येता समुद्रातूनच उत्तरेकडे सरकले, तरी आपल्याकडे पत्रे उडालेच.

हे 1,400 किलो शेवटी धरून ठेवायचे कोणी? बेसप्लेटच्या अँकर बोल्टांनी. इथेच आपल्याकडची सर्वांत मोठी गफलत दिसते. गच्चीच्या स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो, अनेकदा चार-पाच इंच जाडीचा. चार इंची अँकर त्यात ठोकला की तो हाताला घट्ट लागतो, पण काँक्रीटपर्यंत पोचलेलाच नसतो. विटेच्या पॅरापेटला खांब बांधणे तर त्याहून धोक्याचे. अँकर काँक्रीटमध्येच गेला पाहिजे, शक्यतो खांबाच्या किंवा बीमच्या डोक्यावर, आणि त्यासाठी वॉटरप्रूफिंग उघडावे लागले तर ते पुन्हा नीट बंद करण्याचा खर्चही कोटेशनमध्ये लिहिलेला हवा.

बोल्टच्या डोक्यावरचे आकडे शोभेचे नसतात. 4.6 म्हणजे तुटण्याची ताकद चौरस मिलिमीटरला 400 न्यूटन आणि त्याच्या साठ टक्क्यांवर, म्हणजे 240ला, तो कायमचा ताणला जाऊ लागतो. 8.8चे आकडे 800 आणि 640. 16 मिलिमीटरचा एक 4.6 बोल्ट कातरबळात जेमतेम तीन टन घेतो, तेवढाच 8.8 बोल्ट सहा टनांच्या जवळ जातो. दिसायला दोघे भाऊ. डोक्यावर काहीच आकडा नसलेला बोल्ट मात्र परत पाठवावा. भोक प्लेटच्या कडेला चिकटून पाडले असेल तर बोल्ट शाबूत राहून प्लेट फाटते, म्हणून भोकाच्या मध्यापासून कडेपर्यंत व्यासाच्या किमान दीडपट अंतर हवे. हाताने गॅसने कापलेल्या कडेला 1.7 पट.

वेल्डिंगचे गणितही असेच बोलके आहे. कारखान्यात नीट केलेले 6 मिलिमीटरचे 10 सेंटिमीटर लांब वेल्डिंग हिशेबाने आठ टनांपर्यंत पेलते. मात्र तेच काम साइटवर झाले तर भारतीय मानक 800 त्याची ताकद सुमारे सतरा टक्क्यांनी कमी धरायला सांगते. शिडीवर उभे राहून, डोक्याच्या वर हात करून, वाऱ्यात केलेले वेल्डिंग वर्कशॉपच्या टेबलावरचे नसते, हे मानकालाही ठाऊक आहे! म्हणून वालीव-सातिवलीच्या वर्कशॉपमध्ये जितके वेल्डिंग उरकेल तितके उरकावे आणि गच्चीवर फक्त बोल्ट आवळावेत. दोन-चार टॅक, म्हणजे वेल्डिंगचे नुसते ठिपके, मारून वर रेड ऑक्साइड फासला की जोड पुरा झाल्यासारखा दिसतो. तेव्हा रंगाआधी पाहणी.

‘जास्त ताकदीचे स्टील घ्या, पाइप बारीक चालेल,’ हा सल्लाही तपासून घ्यावा. E350 प्रतीचे स्टील E250पेक्षा चाळीस टक्के जास्त ताण सोसते, पण वाकण्याला दोन्हींचा विरोध सारखाच. पाइप बारीक केला तर तो तुटणार नाही कदाचित, पण लवेल, आणि लवलेल्या छतावर पाणी साचेल.

राहिला गंज. वसई-विरारच्या एका बाजूला अर्नाळा-कळंबचा समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मिठागरे. मालवणला राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा पुतळा 4 डिसेंबर 2023 रोजी उभा राहिला आणि 26 ऑगस्ट 2024 रोजी कोसळला. त्याच्या आदल्याच आठवड्यात सार्वजनिक बांधकाम विभागाने पत्र लिहून नटबोल्ट गंजत असल्याचे कळवले होते. खाऱ्या हवेत गंज आधी धरतो तो जोडाच्या फटीत, जिथे पाणी अडते आणि ब्रश पोचत नाही. गॅल्व्हनाइज केलेल्या पाइपवर नंतर वेल्डिंग केले की तिथले जस्त जळून जाते. स्टेनलेसच्या मोठ्या प्लेटमध्ये साधा लोखंडी बोल्ट घातला तर तो बोल्ट झपाट्याने खाल्ला जातो. उलट साध्या प्लेटमध्ये स्टेनलेस बोल्ट तुलनेने बरा.

सर्वांत घातक असतो जागेवर परस्पर केलेला ‘छोटासा’ बदल. अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलात दोन पादचारी पूल एकाखाली एक, छतापासून आलेल्या सलग सळयांना लटकवायचे होते. लांब सळईला आटे पाडणे गैरसोयीचे, म्हणून एकीच्या दोन सळया केल्या आणि खालचा पूल वरच्या पुलाला टांगला. वरच्या पुलाच्या नटवर दुप्पट भार आला. 17 जुलै 1981 रोजी दोन्ही पूल कोसळून 114 माणसे मेली. सळया तुटल्या नव्हत्या, नट बीम फाडून आरपार गेला होता.

तेव्हा सभेत किलोच्या दराआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीचे जोडांचे ड्रॉइंग मागा आणि स्टीलचे मिल टेस्ट सर्टिफिकेट पाहा. जो फॅब्रिकेटर ही दोन कागदपत्रे देत नाही, त्याचा दर कितीही कमी असला तरी त्याला काम देऊ नका.