इस्तंबूल भेटीचे नियोजन

इस्तंबूल हे तुर्कस्तानातील सर्वांत मोठे शहर असून ते युरोप व आशिया या दोन्ही खंडांत वसलेले आहे. शहराची लोकसंख्या दीड कोटीहून अधिक आहे. येथील प्रमुख वास्तू पाण्याने विभागलेल्या तीन भागांत विखुरलेल्या आहेत आणि त्यांचे सुट्टीचे वारही वेगवेगळे आहेत. त्यामुळे भेटीचा आराखडा केवळ स्थळांच्या यादीवरून न आखता किनारा आणि वार पाहून आखणे सोयीचे ठरते. प्रस्तुत लेखात मुंबईहून जाणाऱ्या प्रवाशाच्या दृष्टीने या नियोजनाची माहिती दिली आहे.

भौगोलिक रचना

काळा समुद्र आणि मार्मारा समुद्र यांना जोडणारी बॉस्फोरस सामुद्रधुनी शहराचे युरोपीय व आशियाई असे दोन भाग करते. तिची लांबी सुमारे ३० किलोमीटर असून सर्वांत अरुंद जागी रुंदी सुमारे ७०० मीटर आहे. युरोपीय बाजूला गोल्डन हॉर्न (तुर्की नाव हलीच) ही खाडी आत शिरते. खाडीच्या दक्षिणेस प्राचीन शहराचे द्वीपकल्प, उत्तरेस गलाता व बेयोलू, तर सामुद्रधुनीपलीकडे उस्कुदार व कादिकोय हे आशियाई भाग आहेत.

मुंबईकर मानखुर्दहून वाशीला जाताना लोकलने ठाण्याची खाडी ओलांडतात, तसे इस्तंबूलचे रहिवासी रोज खंड ओलांडतात. बॉस्फोरसवरील पहिला पूल १९७३ मध्ये खुला झाला. समुद्रतळाखालून जाणारी मार्माराय ही रेल्वे २९ ऑक्टोबर २०१३ रोजी सुरू झाली. परंतु शहराची रचना समजून घेण्यासाठी प्रवासी बोट हेच उत्तम साधन होय. बोट, ट्राम व मेट्रो या सर्वांसाठी 'इस्तंबूलकार्त' हे एकच कार्ड चालते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

ग्रीक वसाहत असलेल्या बायझँटियमच्या जागी रोमन सम्राट कॉन्स्टंटाईन याने इ.स. ३३० मध्ये नवी राजधानी प्रस्थापित केली. तीच पुढे कॉन्स्टँटिनोपल म्हणून प्रसिद्ध झाली. २९ मे १४५३ रोजी ओस्मानी सुलतान दुसरा मेहमेद याने ती जिंकली. १९२३ मध्ये तुर्की प्रजासत्ताकाची राजधानी अंकारा येथे नेण्यात आली आणि १९३० पासून 'इस्तंबूल' हे नाव अधिकृतपणे रूढ झाले.

या शहराच्या घडामोडींचे पडसाद महाराष्ट्रातही उमटले. ओस्मानी खलिफाच्या समर्थनार्थ १९१९ मध्ये मुंबईत खिलाफत समिती स्थापन झाली. ३ मार्च १९२४ रोजी खिलाफत रद्द होऊन शेवटचा खलिफा दुसरा अब्दुलमजीद याला दोल्माबाहचे राजवाडा व देश सोडावा लागला. त्याची कन्या दुर्रुशेहवार हिचा विवाह १९३१ मध्ये हैदराबादच्या निजामाच्या थोरल्या पुत्राशी झाला. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता.

प्रमुख स्थळे

जुने द्वीपकल्प: येथील ऐतिहासिक क्षेत्रांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत १९८५ मध्ये झाला. सम्राट जस्टिनियन याने इ.स. ५३२ ते ५३७ या काळात बांधलेले हागिया सोफिया हे मूळचे चर्च १४५३ मध्ये मशीद झाले. १९३० च्या दशकात तेथे संग्रहालय करण्यात आले आणि २०२० मध्ये पुन्हा मशीद झाली. या निर्णयावर जगभर मतभेद व्यक्त झाले. जानेवारी २०२४ पासून परदेशी पर्यटकांना तिकीट घेऊन वरच्या सज्जात प्रवेश दिला जातो. तळमजला नमाजासाठी राखीव आहे. समोरची सुलतान अहमद मशीद (निळी मशीद) १६१६ मध्ये पूर्ण झाली. तिला सहा मिनार आहेत. जवळच ३३६ खांबांचे भूमिगत जलाशय आणि तोपकापी राजवाडा आहे. वास्तुविशारद सिनान याची सुलेमानिये मशीद (१५५७) आणि ग्रँड बाजार हेही याच भागात आहेत.

गलाता व बॉस्फोरसचा किनारा: गलाता पूल पायी ओलांडून १३४८ मधील गलाता मनोऱ्यापर्यंत जाता येते. पुढे किनाऱ्यावर १८५६ मध्ये पूर्ण झालेला दोल्माबाहचे राजवाडा आहे. तुर्की प्रजासत्ताकाचे संस्थापक मुस्तफा केमाल अतातुर्क यांचे निधन १० नोव्हेंबर १९३८ रोजी येथेच झाले.

आशियाई किनारा: उस्कुदार व कादिकोय येथे बोटीने पोहोचता येते. जुन्या शहराचे घुमट व मिनार एकत्रितपणे पाहण्यासाठी हा किनारा योग्य आहे.

वार व ऋतू

तोपकापी मंगळवारी, दोल्माबाहचे सोमवारी आणि ग्रँड बाजार रविवारी बंद असतो. म्हणून तीन-चार दिवसांची भेट बुधवार ते शनिवार अशी योजल्यास ही तिन्ही स्थळे पाहता येतात. शुक्रवारी दुपारच्या सामूहिक नमाजाच्या वेळी मशिदींत पर्यटकांना प्रवेश नसतो. तो वेळ बोटीच्या फेरीसाठी ठेवावा. मशिदीत पादत्राणे काढावी लागतात, अंग झाकणारे कपडे आवश्यक असतात आणि स्त्रियांना डोके झाकावे लागते.

एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने प्रवासास अनुकूल आहेत. मुंबईच्या उलट येथे उन्हाळा बराचसा कोरडा असतो व पाऊस मुख्यतः हिवाळ्यात पडतो. ईदच्या सुट्ट्यांत अनेक स्थळांच्या वेळा बदलतात. चांद्र पंचांगामुळे त्यांच्या तारखा दरवर्षी मागे सरकतात.

पूर्वतयारी

सामान्य पारपत्रधारक भारतीयांना व्हिसा आवश्यक आहे. अमेरिका, युनायटेड किंग्डम, आयर्लंड किंवा शेंगेन देशांचा वैध व्हिसा अथवा निवास परवाना असणाऱ्यांना काही अटींवर ई-व्हिसा मिळू शकतो. व्हिसा हाती येण्यापूर्वी परतावा न मिळणारी तिकिटे काढणे जोखमीचे असते. तुर्कस्तानची वेळ भारताच्या अडीच तास मागे आहे. मुख्य विमानतळ युरोपीय बाजूस व सबिहा गोकचेन विमानतळ आशियाई बाजूस असल्याने तिकीट काढताना विमानतळाचे नाव तपासावे. महागाईमुळे लिरामधील दर वारंवार बदलतात. जुन्या प्रवासपुस्तकांतील दरांवर खर्चाचा अंदाज बांधू नये.

शाकाहारी प्रवाशांसाठी ऑलिव्ह तेलात शिजवून थंड वाढल्या जाणाऱ्या भाज्या, चीज, पाव व मसुराचे सूप उपलब्ध असते. सूप कधी मांसाच्या रश्श्यात करतात, म्हणून 'एत्सिझ' (मांसविरहित) हा शब्द लक्षात ठेवावा.

सद्यःस्थिती व सुरक्षितता

मे २०२५ मधील भारत-पाकिस्तान संघर्षात तुर्कस्तानने पाकिस्तानला पाठिंबा दर्शवल्यानंतर भारतात तुर्कस्तानच्या पर्यटनावर बहिष्काराचे आवाहन झाले आणि काही प्रवासी कंपन्यांनी तेथील सहलींची विक्री थांबवली. त्यामुळे आरक्षणापूर्वी विमानसेवा व भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना पाहणे आवश्यक आहे.

इस्तंबूल उत्तर अनातोलियन प्रस्तरभंगाजवळ असल्याने भूकंपप्रवण आहे. १७ ऑगस्ट १९९९ रोजी जवळच्या इझमित परिसरातील भूकंपात १७,००० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. २३ एप्रिल २०२५ रोजी मार्मारा समुद्रात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. निवासस्थान निवडताना किनाऱ्यावरील दृश्याइतकेच इमारतीच्या बांधकामाकडेही लक्ष द्यावे आणि बाहेर पडण्याचा मार्ग प्रथमच पाहून ठेवावा.