रखडलेला राजपुत्र

संभाजीनगरच्या सायबर कॅफेत ज्यांनी ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ खेळला, त्यांना सप्टेंबर २०२० मध्ये जरा जास्तच आनंद झाला असणार. त्याच मालिकेतल्या २००३च्या ‘सँड्स ऑफ टाइम’ या गेमचा नवा अवतार युबिसॉफ्ट कंपनीचे पुणे-मुंबईचे स्टुडिओ घडवत होते! पण झलक पाहून चाहते ग्राफिक्सवरच घसरले. जानेवारी २०२१ची तारीख मार्चवर गेली, मग तारीखच उरली नाही. मे २०२२ मध्ये काम माँट्रियलच्या स्टुडिओकडे गेलं. गेम लांबतो तो बहुधा असाच: तारीख आधी जाहीर होते, कामाचा खरा अंदाज नंतर येतो. चमू बदलला की केलेलं बरंचसं पुन्हा करावं लागतं, आणि पगार तर दरमहा चालूच. खंजिराने वेळ मागे फिरवणारा हा राजपुत्र जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने रद्दच केला.