कुलूप हाती होते, लावले मात्र नाही

अमेरिकेतील नागरिकांच्या कर्जव्यवहारांच्या नोंदी ठेवणाऱ्या इक्विफॅक्स या कंपनीच्या सर्व्हरमधून २०१७ मध्ये सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीस गेली. नाव, जन्मतारीख आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक हाती असला, की तिथे दुसऱ्याच्या नावावर कर्ज काढता येते. नेमका हाच ऐवज चोरांनी नेला. एवढ्या मोठ्या चोरीमागे काही असामान्य क्लृप्ती असावी, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात ज्या भगदाडातून हल्लेखोर शिरले, ते बुजवण्याचा उपाय दोन महिने आधीच उपलब्ध होता.

वेब सर्व्हर म्हणजे अहोरात्र दार उघडे ठेवून बसलेला संगणक. येईल त्याची विनंती ऐकणे हेच त्याचे काम असल्याने नुसती फायरवॉल बसवून तो सुरक्षित होत नाही. वेबपानांची वाहतूक तिला आत सोडावीच लागते. विनंतीच्या पोटात एखादी आज्ञा दडवलेली असेल आणि सॉफ्टवेअर तिला फसले, तर यंत्राच्या किल्ल्याच परक्याच्या हाती पडतात. अपाची स्ट्रट्स या मोफत सॉफ्टवेअरमध्ये असाच दोष होता. मजकुराचा प्रकार सांगण्याच्या जागी आज्ञा लिहून पाठवली, की सर्व्हर ती निमूटपणे पाळत असे.

७ मार्च २०१७ रोजी हा दोष दुरुस्तीसह जाहीर झाला. दोन दिवसांनी ‘४८ तासांत दुरुस्ती करा’ अशी सूचना कंपनीत फिरली. परंतु हे सॉफ्टवेअर कोठे कोठे वापरात आहे, याची धड यादीच नव्हती. स्कॅनरलाही ते सापडले नाही. ग्राहकांच्या तक्रारी घेणारी जुनी प्रणाली तशीच राहिली आणि मे महिन्यात हल्लेखोर तिच्यातून आत आले.

पुढचे अधिक उद्वेगजनक आहे. या प्रणालीला कामापुरते मोजकेच डेटाबेस लागत. पण जाळ्यात आडभिंती नव्हत्या आणि काही पासवर्ड तर उघड्या अक्षरांत साठवलेले होते. त्यांच्या आधारे आणखी ४८ डेटाबेस खुले झाले. वाहतूक तपासणारे उपकरण होते. त्याच्या प्रमाणपत्राची मुदत मात्र केव्हाच संपली होती. पहारेकरी जागेवर, पण डोळ्यांवर पट्टी! २९ जुलैला नवे प्रमाणपत्र बसवताच संशयास्पद वाहतूक दिसू लागली. तोवर अडीच महिने उलटले होते.

दुरुस्त्या लांबणीवर पडतात त्याला आळस हे एकच कारण नसते. नवी आवृत्ती बसवली की चालू कामकाज बंद पडेल, ही भीती खरी असते. म्हणून हुबेहूब दुसऱ्या यंत्रावर ती आधी तपासावी. नको असलेल्या सेवा काढून टाकाव्यात, वेब सर्व्हरला किमान अधिकार द्यावेत आणि नोंदी वेगळ्या यंत्रावर साठवाव्यात, कारण आत शिरलेला चोर बहुधा त्याच आधी पुसतो. भारतात सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी या नोंदी १८० दिवस जपणे आणि हल्ला लक्षात येताच सहा तासांत कळवणे बंधनकारक केले आहे.